आतेच्या वजनाची गाडी

आमच्या गाडीचे मागचे शॉकअप राजभाषेच्या वादात गेले, असं अप्पा, म्हणजे माझे वडील, शेवटपर्यंत सांगत असत. कोकणी की मराठी यावरून तेव्हा गोव्यात घराघरांत वाजत होतं. रस्त्यांवर झाडं आडवी पडत, कुठेकुठे चर खणले जात. अशाच एका चरात, पेडण्याहून म्हापशाला जाताना, अप्पांची गाडी मागच्या दोन्ही चाकांनी उतरली आणि वर आली ती कण्हतच. चर कोणत्या बाजूच्या लोकांनी खणला होता ते काही कळलं नाही, त्यामुळे अप्पांना दोन्ही बाजूंना शिव्या घालाव्या लागल्या आणि ते त्यांना फार जड गेलं, कारण ते कट्टर मराठीवाले होते. मराठीसाठी ते तास तास भांडत, पण भांडत ते आमच्या पेडण्याच्या बोलीतून, म्हणजे अर्ध्या मालवणीतून आणि अर्ध्या कोकणीतून. माझा थोरला भाऊ वसंत, म्हणजे दादा, त्यांना मुद्दाम विचारायचा, "अप्पा, हां तुमी खंयच्या भाषेत सांगतात?" मग अप्पा चिडून शुद्ध मराठीत एक लांब वाक्य बोलायचे, दमायचे आणि पुन्हा मूळपदावर यायचे.

गाडी म्हणजे गावातलं एक प्रस्थ होतं. पोर्तुगीज असताना बोटीनं आलेली, जर्मन बनावटीची, दुधी रंगाची आणि गोल पाठीची. एका भाटकाराकडून, म्हणजे जमीनदाराकडून, ती अप्पांकडे आली आणि तिची टॅक्सी झाली. बाळंतीण असो की नवरी, लोक आमच्याच गाडीला सांगत, कारण तिच्यात बसलेल्या माणसाला खालचा रस्ता कळत नसे. चरात पडल्यापासून मात्र रस्त्यातला खडा न खडा कळू लागला. शॉकअपमधलं तेल गळून गेलं होतं, स्प्रिंगा बसल्या होत्या आणि गाडी एकदा उसळली की पुढचा फर्लांगभर उसळतच राही. एका बाळंतिणीला म्हापशाच्या हॉस्पिटलात नेताना अप्पांनी गाडी इतकी सावकाश हाकली, की तिची सासू वैतागून खाली उतरली आणि गाडीच्या पुढे चालू लागली. धारगळपर्यंत ती पुढेच होती. हल्ली तिथून जवळच, मोपाच्या सड्यावर विमानं उतरतात. माझा मुलगा मला विमानतळावर न्यायला येतो तेव्हा त्याच रस्त्यावर मी खिडकीतून त्या सासूला शोधते आणि तो विचारतो, आई, हसायला काय झालं.

शॉकअप लगेच बदलायला हवे होते. पण तेवढ्यात गोवा राज्य होणार अशी बोलवा उठली आणि अप्पा म्हणाले, थांबूया, राज्य झालं की रस्ते गुळगुळीत होतील, मग शॉकअप हवेत कशाला. राज्य झालं. गावात फटाके वाजले, बाजारात पेढे वाटले, आणि रस्ते होते तसेच राहिले. अप्पांनी आणखी काही महिने सरकारला मुदत दिली आणि मग माझ्या कुवेतच्या मामाला निरोप धाडला. मामानं पाठवलेलं खोकं आलं तेव्हा आईला वाटलं, मिक्सर आला. ती हात पुसून, पदर खोचून उघडायला बसली. आत दोन शॉकअप आणि दोन लालभडक स्प्रिंगा निघाल्या, शिवाय एक साबणाची वडी. आई पुढे कितीतरी दिवस मनातल्या मनात भावाशी बोलत नव्हती. वाटणाला बसली की पाट्यावरचा वरवंटा जरा जास्तच जोरात वाजायचा.

खोक्यात एक चोपडंही होतं, ते कोणत्या भाषेत होतं हे घरात कुणालाच कळेना. तेव्हा वरच्या घरातल्या काकांना बोलावलं. काका म्हणजे अप्पांचे थोरले चुलतभाऊ, घराण्यातले सगळ्यांत मोठे, म्हणून अप्पाही त्यांना काकाच म्हणत. पोर्तुगीज शाळेत ते थोडेफार शिकले होते आणि त्या शिकण्याचा उपयोग करायची संधी पोर्तुगीज गेल्यापासून शोधत होते. त्यांनी चष्मा लावला, चोपडं उलटंसुलटं धरून पाहिलं आणि निकाल दिला, "हां पोर्तुगीजच आसा. पण अशिक्षित मनशान बरयलेलां." लिहिणाराच अशिक्षित म्हटल्यावर ते चोपडं कुणी वाचायच्या भानगडीत पडलं नाही. चित्रं तेवढी सगळ्यांनी पाहिली. एका चित्रात स्प्रिंगेखालची चकती वाकड्या पान्यानं फिरवणारा हात होता: चकती वर चढवली की गाडीचा तो कोपरा वर उठतो, खाली उतरवली की बसतो. दुसऱ्यात शॉकअपवरचा खटका होता, कडक, मध्यम आणि नरम करायचा. आणि शेवटच्या चित्रात ती गाडी अगदी सपाट उभी होती, स्टिअरिंगवर एक हसरा पुरुष आणि मागे डाव्या बाजूला टोपी घातलेली एक चांगली जाडजूड बाई. या बाईनं पुढे आमच्या घरात जो गोंधळ घातला तो तिला कधी कळला नसेल.

आता आतेबद्दल सांगायला हवं. अप्पांची ही थोरली बहीण, अप्पा तिला बाय म्हणत. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. दादाला आणि मला तिनंच वाढवलं, कारण आई शेतात आणि कुळागरात, म्हणजे आमच्या नारळ-सुपारीच्या बागेत, असायची. आते देहानं भरभक्कम होती. तिला खायची हौस होती आणि त्याहून जास्त खाऊ घालायची. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की ती पायरीवर जाऊन त्याच्या टोपलीतले उंडे बोटानं दाबून दाबून घ्यायची आणि तो बिचारा हात जोडायचा. तिच्या हातच्या हळसांद्यांच्या, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या चवळीच्या, भाजीची चव अजून माझ्या तोंडात आहे. पण आते घराबाहेर कुठेच जात नसे. बारसं असो, साखरपुडा असो, लग्न असो, सगळे नटूनथटून गाडीत बसले की अप्पा काच खाली करून म्हणत, "जागो खंय आसा गो बाय, ह्या फावटी रव." आणि ती म्हणे, "जावा तुमी, माका घरांत कामां आसत." गाडीत तेव्हा मी, दादा, आई आणि एखादं केळीचं लोंगर असे. लोंगराला जागा होती. विधवा बाई शुभकार्याला पुढे नको, हे तोंडानं कुणी म्हणायचं नाही म्हणून सगळं गाडीच्या माथी मारलेलं होतं. हे मला फार उशिरा समजलं आणि त्याचा राग मला अजून येतो.

दादा तेव्हा डिचोलीला, खाणीचे ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजात कामाला होता. ट्रकांखाली झोपून झोपून त्याला जगातलं प्रत्येक वाहन मातीनं भरलेला ट्रकच वाटे. नट आवळायचा म्हणजे पान्याला लांब पाइप लावून त्याच्यावर उभं राहायचं, ही त्याची रीत. एका रविवारी त्यानं अंगणातल्या फणसाखाली गाडी जॅकवर चढवली, चाकं काढली, जुने शॉकअप हातोड्यानं ठोकून बाहेर काढले आणि नवी स्प्रिंग दाबून बसवायला घेतली. दाबायचं यंत्र काही नव्हतं. म्हणून काथ्याच्या दोरीनं आवळून, एका बाजूला अप्पा आणि दुसऱ्या बाजूला काका, असे तिला दाबून धरत होते. दादा खालून ओरडत होता, "सोडूं नकात." तेवढ्यात काकांना शिंक आली. ती लाल स्प्रिंग अप्पांच्या कानाजवळून गेली, फणसाच्या फांदीला लागली आणि थेट काकांच्या घराच्या छपरावर जाऊन पडली. कौलांचे नळे फुटल्याचा आवाज आला आणि मागोमाग काकूंचा. काका टोपी घालून घरी गेले आणि स्प्रिंग घेऊन परत आले, पण त्या दिवसापासून या गाडीवर त्यांचा आकस राहिला.

स्प्रिंगा बसल्या तशी खटक्यांची वेळ आली. दादानं अर्थातच सगळ्यात कडक लावले. गाडी बरी झाली की नाही हे ठरवायला अप्पांनी माप शोधून काढलं होतं. स्टीलचा पेला काठोकाठ सोलकढीनं भरायचा, मागच्या सीटवर टॉवेलाची घडी घालून तिच्यावर ठेवायचा आणि बाजारापर्यंत फेरी मारून यायची. सोलकढी सांडली नाही तर गाडी पास. पेल्यावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे होतं. कॉलेजात मला विज्ञान होतं, त्यामुळे हे काम माझ्यासारख्या शिकलेल्या मुलीचंच, असं अप्पांचं मत. पहिल्या फेरीत, देवळाजवळच्या वळणावर, सोलकढी पेल्यातून निघाली ती छताला लागली. तो गुलाबी डाग गाडी विकेपर्यंत तिथे होता. मग दादानं खटके नरम केले. तेव्हा गाडी अशी झुलू लागली की आईला ती लागली आणि तिनं बाजारातच उतरून पायी घर गाठलं. मध्यम लावल्यावर उसळणं थांबलं, झुलणंही थांबलं, पण सोलकढी दर फेरीला एका बाजूनं थोडी सांडायचीच. दादा म्हणाला, आता चकत्या फिरवून गाडी सपाट करायला हवी.

चकत्या फिरवायच्या म्हणजे गाडीत कोण बसलंय ते धरूनच, असं काकांनी चोपड्यातल्या शेवटच्या चित्रावर बोट ठेवून सांगितलं. "चित्रात आसा तसांच करूक जाय. पुढे दादलो, मागे डाव्या कुशीक व्हडली बायल." आता हे चित्र म्हणजे नुसती जाहिरात होती, कुटुंब सुखात चाललंय एवढंच त्यात सांगायचं होतं, हे आज मला लख्ख कळतं. तेव्हा मात्र आम्ही सगळ्यांनी ते देवाचं वाक्य असल्यासारखं घेतलं. आई मागे बसली तर गाडीला पत्ताच लागेना, ती पडली काडी. मग सगळ्यांच्या नजरा आतेकडे वळल्या. आते हळसांदे सोलत होती. "माका कित्याक?" ती म्हणाली, पण सूप घेऊन उठलीच. या गाडीत ती यापूर्वी एकदाच, तापानं फणफणली होती तेव्हा, आडवी होऊन गेली होती. त्या दिवशी ती डाव्या दारानं आत शिरली आणि गाडीनं खालून मोठा उसासा सोडला. अप्पा स्टिअरिंगवर बसले. दादा गाडीखाली झोपला आणि चाक आणि मडगार्ड यांच्यातली जागा वितीनं मोजत, वाकड्या पान्यानं चकत्या चढवू-उतरवू लागला. अख्खी दुपार आते मागच्या सीटवर, काच खाली करून, शेंगा सोलत बसली होती. रस्त्यानं जाणाऱ्या बायका विचारत, खंय गो चलली, आणि ती तोऱ्यात सांगे, "अजून ठरूक नाय."

संध्याकाळी पेला ठेवून फेरी मारली. अप्पा, मी आणि आते. सोलकढी हललीसुद्धा नाही. वळणावर नाही, पुलावर नाही, बाजारातल्या खड्ड्यात नाही. घरी आल्यावर अप्पांनी तो पेला दोन्ही हातांत धरून तीर्थासारखा पिऊन टाकला. मग आते गाडीतून उतरली आणि गाडीचा मागचा डावा कोपरा हळूहळू वर उठला. कुत्रं खांबापाशी उभं राहतं तशी गाडी उभी राहिली. आम्ही सगळे तिच्याकडे पाहत राहिलो. दादा म्हणाला, "रिकाम्या गाडीक धरून परत लावतंय." पण अप्पांनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला. "हात लावशी तर बग. लागलां तां लागलां." एकदा मनासारखी जमलेली गोष्ट पुन्हा उसवायची नाही, मग ती कढीची फोडणी असो की गाडी, असा त्यांचा स्वभाव. त्यांनी पाना पेटीत घातला, पेटीला कुलूप लावलं आणि दुसऱ्या दिवशी भाडं आलं तेव्हा हाक मारली, "बाय, चल गो. गाडी काढतंय."

अशी आते गाडीत आली. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, अधूनमधून डिचोली, एखाद्या पाहुण्याला घेऊन मांद्र्याचा समुद्र, जिथे गाडी तिथे आते. उतारूंना उरलेल्या जागेत सरकून बसावं लागे. कुणी विचारलंच, ही कोण, तर अप्पा पुढे बघत सांगत, "ती गाडीचो पार्ट." आतेला याचा राग येत नसे, उलट ती जरा ताठ बसे. लोकांच्या वतीनं ती बाजारात घासाघीस करू लागली, वाटेत बाळंतिणींना काय खावं काय नको ते सांगू लागली, रडणाऱ्या पोरांना पदराखालून उंड्याचा तुकडा काढून देऊ लागली. काही गिऱ्हाइकं तर आते येणार का ते विचारून मगच गाडी ठरवत. तिनं स्वतःसाठी नव्या चपला घेतल्या, तांबड्या पट्ट्याच्या. घरात त्यावरून कुजबुज झाली, पण गाडीचं काम म्हटल्यावर कोण काय बोलणार. वास्कोला एकदा तिनं पहिल्यांदा जहाज पाहिलं. धक्क्यावर कमरेवर हात ठेवून ती कितीतरी वेळ बघत होती. मग मला म्हणाली, "चेडवा, येवढां लोखंड सरळ उभां रवतां. हेच्यात कोणाक बसयलां आसतलां गो?"

एकच अडचण झाली, ती उपासांची. आते एकादशी करायची, सोमवार करायची आणि मनात आलं तर मधलाच एखादा वार. अप्पा हवालदिल व्हायचे. तिचं वजन उतरलं की सोलकढी डावीउजवी होणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ते आपल्या हातानं तिला साबुदाणा वाढत, वर तुपाची धार सोडत आणि म्हणत, "खा गो, देव समजून घेता." ज्या घरात विधवेनं किती खावं यावर पूर्वी चार डोळे असायचे, त्या घरात आता तिनं आणखी एक पातोळी खावी म्हणून मोठा भाऊबिऊ असल्यासारखे अप्पा तिच्या मागे फिरत. मी आणि दादा पोट धरून हसायचो. आईला मात्र हसू यायचं नाही. ती आतेच्या ताटाकडे बघून समाधानानं मान हलवायची.

मग दादाचं लग्न ठरलं, डिचोलीच्या शैलाशी. लग्न तिच्या घरच्या मांडवात, म्हणजे वऱ्हाडानं पेडण्याहून डिचोलीला जायचं. बाकीच्यांना बस, आणि नवऱ्यामुलाला आमची गाडी. मी करवली. आतेनं यायचं की नाही याची चर्चाच घरात झाली नाही, कारण गाडी तिच्याशिवाय जात नव्हती. आतेनंही विचारलं नाही. तिनं फक्त ट्रंकेतून फिकट जांभळं लुगडं काढलं आणि ते उन्हात घातलं. लग्नाच्या आधल्या दिवशी हळसांदे निवडताना ती मला म्हणाली, "वसंताच्या माथ्यार अक्षता पडताना माका बघूंक जाय. बाकी काय नको. मांडवाच्या मागल्या खांबाकडे उबी रवान." तिला आणखी काही हवं असल्याचं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, आते, मागे कशाला, तू गाडीतून उतरणार म्हणजे नवऱ्यामुलाच्या बरोबरच उतरणार. ती लाजली. इतकी जाडजूड बाई लाजताना मी पहिल्यांदाच पाहिली.

लग्नाच्या सकाळी अंगणात गडबड होती. गाडीला झेंडूच्या माळा लावल्या होत्या, समोर आबोलीचा गजरा बांधला होता. दादा बाशिंग बांधून तयार होता आणि तेवढ्यात काका आले. त्यांच्या मागे दोन गडी, प्रत्येकाच्या खांद्यावर तांदळाचं एकेक पोतं. काका वाईट नव्हते. माझ्या आजारपणात त्यांनीच रात्रंदिवस धावपळ केली होती. पण नवऱ्यामुलाच्या मांडीला मांडी लावून विधवा बाई मांडवात उतरणार, ही गोष्ट त्यांना सोसवेना आणि नीट बोलताही येईना. ते अप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, "तुका वजन जाय न्हय? हां घे वजन. लोक काय म्हणतले ता तरी बग." आणि अप्पा काही म्हणायच्या आत गड्यांनी दोन्ही पोती मागच्या सीटवर डाव्या बाजूला ठेवून दिली. गाडीनं तसाच उसासा सोडला. दादा बाशिंगासकट खाली वाकून चकती बघायला गाडीखाली शिरला. काकांनी स्वतः सोलकढीचा पेला मागवला, टॉवेलावर ठेवला, अप्पांना स्टिअरिंगवर बसवलं आणि फाटकापर्यंत गाडी न्यायला-आणायला लावली. दादा तेवढ्यापुरता बाहेर आला होता, तो परत खाली गेला. सोलकढीचा एक थेंबही सांडला नव्हता.

हे अंगणातल्या सगळ्यांनी पाहिलं, आतेनंही पाहिलं. ती जांभळं लुगडं नेसून पायरीवर उभी होती, तांबड्या पट्ट्याच्या चपला पायांत घालून. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. ती फक्त म्हणाली, "बरां जालां. तांदूळ वाटेर बडबडत नाय." आणि उंबऱ्यापाशी वाकून तिनं चपला काढल्या, एकीवर एक ठेवल्या आणि आत गेली. माझ्या हातात कऱ्हा होता, तो मला खाली ठेवावासा वाटला. आईनं तोंडाला पदर लावला. काका म्हणाले, "चला, मुहूर्त चुकत."

अप्पा स्टिअरिंगवर बसूनच होते. मला वाटलं, ते गाडी चालू करणार. त्यांनी पेला उचलला, त्यात बराच वेळ पाहिलं, मग तो बॉनेटवर ठेवला आणि उतरले. मागचं दार उघडून त्यांनी पहिल्या पोत्याला मिठी मारली. एकट्यानं ओढताना पोतं दाराला अडकून फाटलं आणि तांदूळ भसाभसा अंगणात सांडले. काकांच्या कोंबड्या कुंपणातून धावत आल्या. दुसरं पोतं अप्पांनी नुसतं ढकलून दिलं. मग धापा टाकत ते बोलले, आणि आपल्या बोलीतच बोलले. "काका, गाडी तांदळानय चलता, आतां सगळ्यांक कळलां. इतकी वर्सां मी बायक सांगत आयलंय, गाडीत जागो नाय म्हणून. जागो होतो. मी खोटां सांगी होतंय. पण आज ती आयली नाय तर ही गाडी डिचोलेक जावची नाय. वजनाखातीर न्हय. ती माझी बहीण आसा, आणि ह्या झिलाक तिणां वाढयलां."

कोंबड्या तांदूळ टिपत होत्या. पोती उतरल्यामुळे गाडीचा कोपरा वर गेला होता आणि तिच्याखालून दादाचा आवाज आला, "अप्पा, मी भायर येव?" तो आला तेव्हा बाशिंगाला ग्रीस लागलं होतं. काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "आणि तांदूळ?" त्यांनी विचारलं. "ते बशीन येतले," अप्पा म्हणाले.

आते मात्र बाहेर येईना. आतून म्हणाली, "आतां कित्याक, तांदूळ बरे बसले होते. माका कोणाचे उपकार नको." तेव्हा आई गेली. तिनं उंबऱ्यापाशी एकीवर एक ठेवलेल्या त्या चपला उचलल्या, अंगणात आणल्या आणि गाडीच्या डाव्या दाराशी, टोकं गाडीकडे करून, नीट जोडीनं मांडल्या. सासरी आल्यापासून आईनं नणंदेच्या पायताणाला हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता. मग ती आत जाऊन आतेला म्हणाली, "वाटेर वसंताक खोकलो येता, तुका म्हायती आसा. काढ्याची बाटली तुज्याकडे दितंय, माज्यान ध्यान रवचां नाय." आई बसनं येणार होती आणि दादाला गेल्या दहा वर्षांत खोकला झाला नव्हता. पण काम आहे म्हटल्यावर आते उठली. आली, चपलांत पाय घातले, आणि बसली. गाडी सपाट झाली.

डिचोलीपर्यंत ती बोलतच होती. अस्नोड्याच्या पुलावर तिनं दादाला संसार कसा करावा ते सांगायला सुरुवात केली, स्वतः काही वर्षंच केलेला असला तरी. मांडवापाशी दार उघडलं तेव्हा आधी ती उतरली आणि तिच्या मागून दादा. मुलीकडच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. विहीणबाईंनी विचारलं, ह्या कोण, आणि अप्पा म्हणाले, "माझी थोरली बहीण," आणि तिला पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर बसवून स्वतः मागे जाऊन उभे राहिले. अक्षता टाकताना आतेचा हात असा काही चालला की भटजींच्या चष्म्यावर तांदूळ चिकटले आणि मंगलाष्टकातली एक ओळ ते गाळूनच पुढे गेले. मी तिच्याकडे पाहत होते. ती रडत होती आणि हसतही होती. तिकडे पंगतीत काकांनी मणगणं, म्हणजे चणाडाळीची खीर, तीनदा मागून घेतलं आणि आतेच्याच शेजारी बसून खाल्लं.

घरी परतताना गाडी उजवीकडे कलली. शैला उजव्या खिडकीशी बसली होती, मध्ये दादा आणि डावीकडे आते. शैला बारीक नव्हती. सत्यनारायण झाल्यावर अप्पांनी आपण होऊन पेटीचं कुलूप काढलं आणि पाना दादाच्या हातात दिला. फणसाखाली गाडी आली. दादा बायकोला म्हणाला, जरा मागे येऊन बस. नवी नवरी, अंगावर हिरवा शालू, हातभर चुडा, आणि सासरचं पहिलं काम म्हणून तिला गाडीत बसवून नवरा खाली झोपलेला. कुंपणावरून बायका पाहत होत्या. शैलाला हसावं की रडावं ते कळेना. आते डाव्या जागेवर सूप घेऊन आधीच बसली होती. दोघींच्या मध्ये टॉवेलाची घडी आणि तिच्यावर काठोकाठ भरलेला पेला, आणि त्याच्यावर नजर ठेवायला पुढच्या सीटवर उलटी वळून मी. खालून पान्याचा आवाज येत होता. बराच वेळ झाला तशी शैला अवघडली, उतरू का असं पुटपुटत तिनं दाराकडे हात नेला. आतेनं सुपातल्या मूठभर शेंगा तिच्या ओटीत टाकल्या आणि हळू आवाजात, खाली दादाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, तिला म्हणाली, "हालूं नको गो. लागोपर्यंत अशीच घट्ट बसान रव. एकदा बसलंस म्हणजे मागीर तुज्याशिवाय ही गाडी खंयच जावची नाय."